धर्मश्रद्धा, सदसद्विवेक आणि समलिंगी विवाहावरचे मतदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समलिंगी विवाहाच्या कायद्यांविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बरेचसे कायद्यापेक्षा कायदा करणाऱ्या माणसांबद्दल असतात. श्रद्धाळू खासदाराने धर्मगुरूंचे ऐकावे की पक्षाचे, तो मंत्री असेल तर काय करावे, मतदानाला गैरहजर राहणे प्रामाणिकपणाचे आहे का, असे ते प्रश्न असतात. खालील उत्तरांत मुख्य उदाहरण कॅनडाचे घेतले आहे, कारण या वादाच्या जवळजवळ सगळ्या बाजू तिथे २००३ ते २००५ या काळात एकाच विधेयकाभोवती गोळा झाल्या होत्या. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे देश जिथे वेगळ्या वाटेने गेले किंवा जाऊ शकतात, तिथे त्यांचा उल्लेख आहे.

१. एखाद्याचा धर्म समलिंगी विवाह मान्य करत नसेल, तर त्याने विरोधात मत देणे स्वाभाविकच आहे. मग वाद कशाचा?

विरोधात मत देणे स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काही नाही. लोकप्रतिनिधीने आपली श्रद्धा सभागृहाच्या दाराबाहेर काढून ठेवावी, अशी मागणी करणे अव्यवहार्य आहे आणि अन्यायाचेही आहे. वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. राज्याने नोंदवलेला विवाह आणि धर्मसंस्थेने लावलेला विवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खासदाराच्या मताने पहिलीचे स्वरूप ठरते. तो कायदा त्याच्या धर्माच्या माणसाला लागू होतो, दुसऱ्या धर्माच्या माणसाला होतो आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यालाही होतो. ‘माझा धर्म असे सांगतो’ हे कारण स्वतःच्या आचरणासाठी पुरेसे आहे. दुसऱ्याच्या विवाहाची सरकारी नोंद नाकारण्यासाठी ते किती पुरते, यावर मतभेद आहेत.

या प्रश्नाचे एकच उत्तर सगळ्यांना लावता येत नाही, असे आमचे मत आहे. सदसद्विवेकाला किती मोकळीक मिळावी हे माणूस कोणत्या खुर्चीवर बसला आहे त्यावर ठरते. साध्या खासदाराला ती सर्वांत जास्त असते, मंत्र्याला त्याहून कमी, आणि झालेला कायदा अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याला सर्वांत कमी. प्रश्न ३, ६ आणि ९ यांची उत्तरे या उतरंडीच्या आधारे दिली आहेत.

२. कॅनडात नेमके काय घडले, ते थोडक्यात सांगाल का?

जून १९९९ मध्ये कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहाने ‘विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे मीलन’ या अर्थाचा ठराव २१६ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर केला होता. पुढे पंतप्रधान झालेले पॉल मार्टिन यांचे मतही त्या ठरावाच्या बाजूने होते. १० जून २००३ रोजी ओंटारियोच्या अपील न्यायालयाने ही व्याख्या समतेच्या हक्काशी विसंगत ठरवली आणि निकाल तत्काळ लागू केला. तेव्हाचे पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ यांनी आठवड्याभरात जाहीर केले की सरकार अपील करणार नाही, नवा कायदा आणील. सप्टेंबरमध्ये जुनी व्याख्या पुन्हा उचलून धरणारा विरोधी पक्षाचा ठराव सभागृहात आला आणि १३७ विरुद्ध १३२ मतांनी पडला. चार वर्षांत सभागृह किती सरकले होते, हे या दोन मतदानांतून दिसते.

सरकारने विधेयकाचा मसुदा आधी सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठवला. ९ डिसेंबर २००४ रोजी न्यायालयाने सांगितले की असा कायदा करण्याचा अधिकार केंद्रीय संसदेला आहे, तो कॅनडाच्या घटनेतील हक्कांच्या सनदेशी सुसंगत आहे आणि धर्मगुरूंवर असे विवाह लावण्याची सक्ती करता येणार नाही. जुनी व्याख्या घटनाबाह्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. १ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायमंत्री आयर्विन कॉटलर यांनी विधेयक मांडले, २८ जूनला ते १५८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाले आणि २० जुलैला त्याचा कायदा झाला. नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्पेन यांच्यानंतर देशभर असा कायदा करणारा कॅनडा हा चौथा देश ठरला.

३. ‘मुक्त मतदान’ म्हणजे काय? त्या दिवशी पक्षादेश नव्हता का?

मुक्त मतदान म्हणजे पक्षाने व्हिप न काढता सदस्यांना आपापल्या सदसद्विवेकाप्रमाणे मत देऊ देणे. ब्रिटिश परंपरेतल्या संसदांत फाशीची शिक्षा, गर्भपात अशा विषयांवर ही पद्धत रुळलेली आहे. २००५ च्या कॅनडात मात्र पक्षांनी वेगवेगळे निर्णय घेतले. स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने सर्वांना मोकळीक दिली. सत्ताधारी लिबरल पक्षाने मागच्या बाकांवरच्या खासदारांना मोकळे सोडले आणि मंत्र्यांना बांधून घेतले. डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने प्रत्येकाला बाजूने मत देणे बंधनकारक केले.

अखेरच्या मतदानात ३२ लिबरल खासदार स्वतःच्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध गेले आणि त्यांच्यावर कारवाई झाली नाही. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या बेव्ह देजार्ले एकट्याच विरोधात गेल्या. पक्षाने त्यांच्याकडची जबाबदारी काढून घेतली, पुढे पक्षाची उमेदवारीही त्यांच्या हातून गेली, आणि जानेवारी २००६ च्या निवडणुकीत अपक्ष उभ्या राहून त्या हरल्या. अल्पसंख्याकांचे मूलभूत हक्क हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा विषय असू शकत नाही, ही त्या पक्षाची भूमिका होती. ती तर्काला धरून आहे हे मान्य केले, तरी एक विसंगती राहतेच. सदसद्विवेकाचा उच्चार ज्या चळवळी सर्वांत जास्त करतात, त्यांच्याच पक्षाने त्या दिवशी त्याला सर्वांत कमी जागा दिली.

४. कॅथलिक चर्चने खासदारांना खरोखर आदेश दिला होता, की ही ऐकीव गोष्ट आहे?

आदेश लेखी होता आणि जाहीर होता. व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व मंडळाने ३१ जुलै २००३ रोजी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यावर कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांची सही होती, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. समलिंगी संबंधांना कायदेशीर मान्यता देणारे विधेयक प्रथमच मांडले जात असेल, तर कॅथलिक लोकप्रतिनिधीने आपला विरोध स्पष्टपणे व जाहीरपणे नोंदवावा आणि विरोधात मत द्यावे, हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले होते. असा कायदा आधीच झालेला असेल आणि तो पूर्ण रद्द करणे शक्य नसेल, तर त्याचे परिणाम मर्यादित करणाऱ्या प्रस्तावाला पाठिंबा देण्याची मुभा होती, मात्र मूळ विरोध सर्वांना ठाऊक असला पाहिजे, अशी अट होती.

क्रेतिएँ आणि मार्टिन हे दोघेही कॅथलिक. कॅल्गरीचे बिशप फ्रेड हेन्री यांनी २००३ मध्ये क्रेतिएँ यांच्याबद्दल जाहीरपणे म्हटले की ते आपल्या आत्म्याचे चिरंतन कल्याण धोक्यात घालत आहेत. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार चार्ली अँगस यांना तर त्यांच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, धर्मगुरूंनी कळवले की विधेयकाच्या बाजूने मत दिल्यास मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) मिळणार नाही. अँगस यांनी तरीही बाजूने मत दिले. ज्यांनी वसईत किंवा गोव्यात पॅरिशचे जीवन जवळून पाहिले आहे, त्यांना या शिक्षेचे वजन वेगळे सांगायला नको. रविवारी सगळे कुटुंब वेदीकडे जाते आणि एकाने बाकावर बसून राहायचे असते.

धर्मसंस्थेला आपल्या सदस्यांना शिस्त लावण्याचा अधिकार आहे. परंतु ज्याला हजारो बिगर-कॅथलिकांनीही निवडून दिले आहे, त्याच्या संसदीय मतावर धार्मिक विधीची अट घालणे हे आम्हाला त्या अधिकाराचे ताणणे वाटते. अनेक कॅथलिकांचे मत नेमके उलट आहे, आणि त्यांचा युक्तिवादही दुबळा नाही. जो स्वतःला आमचा म्हणवतो त्याने जाहीर कृती आमच्या शिकवणीविरुद्ध करायची आणि संस्थेने गप्प राहायचे, हे त्यांना ढोंग वाटते.

५. पॉल मार्टिन स्वतः कॅथलिक होते आणि १९९९ मध्ये उलट बाजूने मत देऊन बसले होते. मग त्यांनी विधेयक आणले, हा दुटप्पीपणा नव्हे का?

मत बदलले हे खरे आहे. दुटप्पीपणा ठरवण्यापूर्वी त्यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये सभागृहात दिलेली कारणे पाहावीत. आपण श्रद्धाळू आहोत हे त्यांनी लपवले नाही. परंतु पंतप्रधान म्हणून आपले दायित्व हक्कांच्या सनदेशी आहे, आणि आज एका अल्पसंख्य गटाचा हक्क बहुमताच्या सोयीने काढून घेता आला तर उद्या दुसऱ्याचाही काढता येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मधल्या काळात बहुतेक प्रांतांची न्यायालये त्याच निष्कर्षाला आली होती. जुनी व्याख्या टिकवायची तर सनदेतील अपवादाचे कलम वापरून संसदेला उघडपणे ‘हा हक्क आम्ही बाजूला ठेवतो’ असे म्हणावे लागले असते.

टीकाकारांचे म्हणणे असे की न्यायालयाच्या आड लपणे हा राजकारण्याचा सोपा मार्ग असतो. यात तथ्य आहे. आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी २०१३ मध्ये, गर्भपाताच्या संदर्भात, हीच भूमिका अधिक सरळ मांडली होती. आपण कॅथलिक असलेले पंतप्रधान आहोत, पण ‘कॅथलिक पंतप्रधान’ नाही, असे ते संसदेत म्हणाले होते.

६. साध्या खासदाराला मोकळीक आणि मंत्र्याला नाही, हा न्याय कुठला?

मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. निर्णय होईपर्यंत बंद दाराआड भांडावे, झाल्यावर सर्वांनी तो आपला म्हणावा आणि जमत नसेल तर पद सोडावे, असा तो नियम आहे. जो कॉमुझी हे लिबरल मंत्री उत्तर ओंटारियोच्या विकासाचे खाते सांभाळत होते. त्यांनी २८ जून २००५ रोजी, मतदानाच्याच दिवशी, राजीनामा दिला आणि विधेयकाविरुद्ध मत दिले. मतदारांना आपण विवाहाच्या जुन्या व्याख्येचा शब्द दिला होता, असे त्यांचे कारण होते. सहा-सात महिन्यांनी, जानेवारी २००६ मध्ये, मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

विधेयकाला पाठिंबा देणारे लोकही कॉमुझी यांचे नाव आदराने घेतात, आणि त्याचे कारण उघड आहे. त्यांनी सदसद्विवेकाची किंमत स्वतः मोजली; ती दुसऱ्या कोणाला मोजायला लावली नाही. अशा बाबतीत माणसाचा प्रामाणिकपणा तपासायला याहून चांगली कसोटी आम्हाला माहीत नाही.

७. या चर्चेत ‘धार्मिक सदसद्विवेक’ म्हणजे नेहमी विरोधच का धरला जातो?

तसे धरणे चुकीचे आहे. टोरंटोतील मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चने १४ जानेवारी २००१ रोजी, वेदीवरून विवाहाची पूर्वसूचना वाचण्याच्या जुन्या ख्रिस्ती प्रथेनुसार, दोन समलिंगी जोडप्यांचे विवाह लावले. सरकारने त्यांची नोंद नाकारली, आणि ओंटारियोच्या खटल्यात त्या चर्चची ही तक्रारही होती. म्हणजे ज्या निकालाला पुढे ‘धर्मावरचा आघात’ म्हटले गेले, त्याच्या मुळाशी एका चर्चचीही मागणी होती. कॅनडातील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ असलेल्या युनायटेड चर्चने विधेयकाला पाठिंबा दिला. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस या चर्चच्या कायद्याच्या अभ्यासक असलेल्या कॅथलिक. २०१५ च्या सार्वमतात त्यांनी ‘होय’ची बाजू जाहीरपणे घेतली. श्रद्धेच्या नावाने फक्त एका बाजूला उभे राहता येते असे मानले, तर या सर्वांच्या श्रद्धेला खोटे ठरवावे लागेल.

८. कायदा झाला की चर्च, गुरुद्वारा, मशीद, मंदिर यांना असे विवाह लावावेच लागतात, हे खरे का?

खरे नाही. कॅनडाच्या कायद्याचे तिसरे कलम स्पष्टपणे सांगते की आपल्या श्रद्धेशी न जुळणारे विवाह लावण्यास नकार देण्याची मोकळीक धर्मसंस्थांच्या अधिकाऱ्यांना आहे. विवाहाविषयी भिन्न मते बाळगणे आणि जाहीरपणे मांडणे सार्वजनिक हिताविरुद्ध नाही, असे प्रस्तावनेतच म्हटले आहे. विवाहाविषयीच्या धार्मिक भूमिकेमुळे एखाद्या संस्थेची धर्मादाय नोंदणी जाऊ नये म्हणून आयकर कायद्यातही दुरुस्ती करण्यात आली.

इंग्लंड आणि वेल्सचा २०१३ चा कायदा याहून पुढे गेला. कोणतीही धर्मसंस्था स्वतःहून पुढे आल्याशिवाय तिच्या प्रार्थनास्थळात असा विवाह होऊ शकत नाही. चर्च ऑफ इंग्लंडला तर सध्याच्या कायद्यानुसार तो लावताच येत नाही, कारण तेथील पॅरिशमध्ये राहणाऱ्याचा विवाह लावण्याचे त्या चर्चवर जुने कायदेशीर बंधन आहे आणि ते या विवाहांना लागू पडले असते. अनेक वाचकांना हे कलम विरोधकांनी घुसडले असे वाटते. प्रत्यक्षात सरकारने ते पहिल्यापासून विधेयकात ठेवले होते.

९. मग विवाह नोंदवणारा सरकारी अधिकारीही श्रद्धेच्या कारणाने नकार देऊ शकतो का?

बहुतेक न्यायालयांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सस्कॅचेवान प्रांताच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले की नागरी विवाह लावणाऱ्या आयुक्तांना अशी सूट देणारा कायदा घटनाविरोधी ठरेल. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील एका निबंधकाचे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. ते नागरी भागीदारीच्या, म्हणजे विवाहाऐवजी समलिंगी जोडप्यांना मिळालेल्या कायदेशीर नात्याच्या, नोंदणीविषयी होते, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिथेही निकाल अधिकाऱ्याच्या विरोधात लागला. फ्रान्समध्ये विवाह महापौर लावतो, म्हणजे तोच राजकारणी आणि तोच निबंधक. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी आधी महापौरांच्या सदसद्विवेकाचा उल्लेख केला, मग गदारोळ होताच माघार घेतली. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथील घटना परिषदेने निर्णय दिला की महापौरांना अशी सूट नसणे घटनेला धरून आहे.

सर्वांत अवघड उदाहरण अमेरिकेतील केंटकीचे आहे. तिथला काउंटी क्लार्क लोकांनी निवडून दिलेला असतो. रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये विवाहाचे परवाने देणेच थांबवले आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले. ‘मलाही लोकांनी निवडून दिले आहे’ हे त्यांचे म्हणणे खरे होते; पण ती निवड कायदा करण्यासाठी झालेली नव्हती. पुढच्या वर्षी केंटकीने परवान्यावरून क्लार्कचे नावच काढून टाकले. यात जोडप्याला परवाना मिळतो आणि क्लार्कला आपले नाव त्यावर पाहावे लागत नाही. अशी साधी कारकुनी दुरुस्ती वर्षभर आधी सुचती, तर पुष्कळ कटुता टळली असती.

१०. खासदाराचा सदसद्विवेक एक सांगतो आणि मतदारसंघ दुसरेच. अशा वेळी त्याने काय करावे?

याचे प्रात्यक्षिक ऑस्ट्रेलियात झाले. २०१७ मध्ये तिथे टपालाने जनमत घेण्यात आले आणि १५ नोव्हेंबरला निकाल लागला, तेव्हा ६१.६ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले होते. निकाल मतदारसंघनिहाय जाहीर झाल्याने प्रत्येक खासदाराच्या हातात आपल्या लोकांचा कौल आकड्यात पडला. पश्चिम सिडनीतील ब्लॅक्सलँडमध्ये जवळजवळ ७४ टक्के ‘नाही’ होते. तिथले मजूर पक्षाचे खासदार जेसन क्लेअर यांनी तरीही बाजूने मत दिले. माजी पंतप्रधान टोनी ॲबट हे विरोधी प्रचाराचे अग्रणी होते आणि त्यांच्या वॉरिंगाने ७५ टक्के ‘होय’ म्हटले. डिसेंबरमधल्या अंतिम मतदानात सभागृहात फक्त चौघांनी विरोधी मत दिले.

निवडणुकीपूर्वी स्पष्ट शब्द दिला असेल तर तो पाळावा, अन्यथा स्वतःच्या विचाराने मत द्यावे आणि पुढच्या निवडणुकीत जाब द्यावा, ही जुनी संसदीय रीत आम्हाला अजूनही सर्वांत कमी वाईट वाटते.

११. लिओ वराडकर यांचे नाव या संदर्भात नेहमी येते. त्यांचा मराठी संबंध खरा आहे का, आणि आयर्लंडमध्ये राजकारण्यांची भूमिका काय होती?

संबंध खरा आहे. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातील वराड, आई आयरिश. वराडकर आरोग्यमंत्री असताना, जानेवारी २०१५ मध्ये, त्यांनी रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील बंदी आणि विवाहाचे सार्वमत असे विषय पुढे होते, आणि आपला काही छुपा हेतू आहे असे कोणाला वाटू नये, हे त्यांनी दिलेले कारण होते. सदसद्विवेकाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो. निर्णय घेणाऱ्याचा त्या निर्णयाशी वैयक्तिक संबंध असेल, तर तो आधी सांगून मोकळे होणे हेही त्याच प्रामाणिकपणाचे अंग आहे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले.

आयर्लंडमध्ये बदल घटनेत करायचा असल्याने निर्णय २२ मे २०१५ च्या सार्वमतात लोकांनीच घेतला आणि ६२ टक्क्यांनी तो मंजूर केला. खासदारांवरचा भार त्यामुळे हलका झाला, यात शंका नाही. अल्पसंख्याकांचा हक्क बहुसंख्याकांच्या मताला लावावा का, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि ‘होय’ म्हणणाऱ्यांतही पुष्कळांना तो बोचत होता.

१२. मतदानाला गैरहजर राहणे हा सन्मान्य मार्ग मानावा का?

कधीकधी मानावा. त्यासाठी गैरहजेरीचे कारण सांगितलेले असले पाहिजे. ऑस्ट्रेलियात पुढे पंतप्रधान झालेले स्कॉट मॉरिसन यांनी २०१७ च्या अंतिम मतदानात भाग घेतला नाही. ते पेंटेकोस्टल ख्रिस्ती होते आणि त्यांची भूमिका सर्वांना ठाऊक होती, म्हणून देशाचा कौल अडवायचा नाही आणि स्वतःचे मतही मोडायचे नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. पुढे स्कॉटलंडचे प्रमुख मंत्री झालेले हमझा युसफ मुस्लिम आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील विधेयक १०५ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाले तेव्हा ते सभागृहात नव्हते. सरकारी बैठकीमुळे गैरहजर होतो, असे त्यांनी सांगितले. ती बैठक मुद्दाम ठरवली होती की काय, हा वाद नऊ वर्षांनी पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत पुन्हा उकरला गेला. उघड विरोध लोक विसरतात. संदिग्ध गैरहजेरी विसरत नाहीत. भारतात गैरहजेरीचे परिणाम वेगळे आहेत. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

१३. विरोधी मत असलेला माणूस आज पाश्चात्त्य देशांत मोठ्या पदावर टिकू शकतो का?

उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीत अँगेला मर्केल यांनी २०१७ मध्ये हा सदसद्विवेकाचा प्रश्न असल्याचे सांगून आपल्या खासदारांना मोकळे सोडले. ३० जूनला विधेयक ३९३ विरुद्ध २२६ मतांनी मंजूर झाले, धर्मोपदेशकाच्या कन्या असलेल्या मर्केल यांनी स्वतः विरोधात मत दिले आणि पुढे चार वर्षे त्या चॅन्सलर राहिल्या. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे टिम फॅरन यांचे मात्र तसे झाले नाही. समलैंगिक संबंध पाप आहेत का, या प्रश्नाने २०१७ च्या प्रचारात त्यांची पाठ सोडली नाही, आणि निष्ठावंत ख्रिस्ती राहून पक्षाचे नेतृत्व करणे आपल्याला अशक्य झाले, असे म्हणत त्यांनी जूनमध्ये पद सोडले. त्यांनी २०१३ मध्ये विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला बाजूने मत दिले होते, हे त्या गोंगाटात हरवले. स्कॉटलंडच्या केट फोर्ब्स यांनी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की २०१४ साली आपण सभागृहात असतो तर विरोधात मत दिले असते, पण झालेला कायदा जपू. पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत त्या युसफ यांच्याकडून थोड्या फरकाने हरल्या आणि वर्षभरानंतर उपप्रमुख मंत्री झाल्या.

फॅरन यांना जे विचारले गेले ते त्यांच्या मतदानाविषयी नव्हते, मनाविषयी होते. लोकप्रतिनिधीच्या कृतीचा हिशेब मागणे रास्त आहे. त्याच्या अंतःकरणात काय पाप आहे आणि काय नाही याची जाहीर कबुली मागणे, मग ते कोणत्याही बाजूने असो, रास्त नाही.

१४. अल्पसंख्य धर्माच्या खासदारांवर वेगळा दबाव येतो का?

येतो, आणि तो दुहेरी असतो. जानेवारी २००५ मध्ये शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अकाल तख्ताचे जथेदार (प्रमुख) जोगिंदरसिंग वेदांती यांनी शिखांना समलिंगी विवाहाला विरोध करण्याचे आवाहन केले, तेव्हा कॅनडाच्या संसदेत अनेक शीख सदस्य होते. त्यांपैकी तरुण खासदार नवदीप बैन्स यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. ज्या सनदेमुळे आपल्याला पगडी बांधून सभागृहात उभे राहता येते, ती सनद दुसऱ्या अल्पसंख्याकांसाठी निवडून वापरता येत नाही, अशा आशयाची ही भूमिका होती. श्रद्धा आणि सनद यांच्यात निवड करण्याऐवजी त्यांनी श्रद्धेचे संरक्षण सनदेतच शोधले. त्यांचे समाजबांधव सगळे पटून गेले असे नाही.

१५. भारतात असे मुक्त मतदान होऊ शकेल का? आपल्याकडे सध्या स्थिती काय आहे?

विवाहाच्या हक्काचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडे सोपवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर एकमत नोंदवले. नागरी भागीदारीच्या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि चंद्रचूड अल्पमतात राहिले. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी जोडप्यांना सामावून घेणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ते चर्चेपर्यंत पोहोचले नाही आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. तो कायदा मुळातच कोणत्याही धर्माच्या विधीशिवाय होणाऱ्या विवाहांचा आहे, त्यामुळे प्रश्न ८ मधली शंका तिथे उद्भवतच नाही.

मुक्त मतदानापुढची खरी अडचण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाची आहे. पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने पूर्वपरवानगीशिवाय विरोधात मत दिले किंवा मतदानच टाळले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे मॉरिसन यांनी निवडलेला गैरहजेरीचा मार्गही आपल्या खासदाराला बंद आहे. पक्षाने व्हिपच काढला नाही तर मात्र मुक्त मतदान आजही पूर्ण कायदेशीर आहे. त्यासाठी घटनेत एक अक्षरही बदलावे लागत नाही.

१६. पण घटनेचे पंचविसावे कलम सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. व्हिप श्रद्धेच्या आड आला, तर खासदार त्या कलमाचा आधार घेऊ शकतो का?

या आधाराने सदस्यत्व वाचेल अशी आशा धरू नये. १९९२ च्या किहोतो होलोहन निकालात सर्वोच्च न्यायालयाने दहावे परिशिष्ट वैध ठरवले आणि सदस्याच्या भाषण व मतदानाच्या स्वातंत्र्यावर त्याने अतिक्रमण होते हा आक्षेप फेटाळला. त्याच निकालात असेही सुचवले होते की सदस्यत्व घालवणारा व्हिप सरकारचे अस्तित्व किंवा ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली असे विषय यांच्यापुरताच असावा, आणि तसे असल्याचे त्यात स्पष्ट लिहावे. पक्षांनी ही सूचना फारशी मनावर घेतलेली नाही.

तरीही दोन वाटा कायद्यातच आहेत. मतदानापूर्वी पक्षाकडे परवानगी मागता येते, आणि मतदानानंतर पंधरा दिवसांच्या आत पक्षाने तो भंग माफ केला तर अपात्रता येत नाही. अपक्ष सदस्याला व्हिप लागूच होत नाही. ज्या पक्षांत निरनिराळ्या धर्मांचे आणि विचारांचे सदस्य आहेत, त्यांच्या नेत्यांना असे विधेयक आल्यास ही परवानगी आधीच, सर्वांना आणि लेखी देता येईल.